डॉ. रुबेन, ऑपरेशननंतरचं दुखणं आणि न झालेल्या चाचण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासायला गेले की घरचे हमखास विचारतात, "फार दुखेल का हो?" हल्ली त्याला आणखी एक प्रश्न जोडून येतो. कुणीतरी मोबाइलवर वाचलेलं असतं. "त्या अमेरिकेतल्या डॉक्टरनं दुखण्याच्या गोळ्यांवरचं संशोधन घरी बसून लिहिलं होतं म्हणे. मग आम्हाला त्याच गोळ्या का?" प्रश्न रास्त आहे. वॉर्डात उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सवडीने लिहिते आहे.

हे डॉक्टर कोण?

डॉ. स्कॉट रुबेन. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे. तिथल्या बेस्टेट मेडिकल सेंटरमध्ये ते भूलतज्ज्ञ होते, ऑपरेशननंतरच्या वेदनांचा विभाग त्यांच्याकडे होता आणि टफ्ट्स विद्यापीठात ते प्राध्यापकही होते. गुडघ्याचं ऑपरेशन, मणका जोडण्याचं ऑपरेशन, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन अशा निरनिराळ्या ऑपरेशनांनंतर दुखणं कसं आवरायचं, यावर त्यांचे पेपर, म्हणजे शोधनिबंध, वर्षानुवर्षं छापून येत होते. परिषदांमध्ये त्यांना बोलावणं असायचं. आमच्या पिढीने पाठ्यपुस्तकांत आणि आढावा लेखांत त्यांचं नाव इतक्यांदा वाचलं होतं की ते खरं की खोटं हा विचारच कधी मनात आला नाही.

२००९ साली जाहीर झालं की त्यांच्या २१ पेपरांमधली माहिती बनावट आहे. त्यातला सर्वांत जुना पेपर १९९६ चा होता.

त्यांचं म्हणणं तरी काय होतं?

थोडं खोलात जावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पाण्याची पाळी आली की शेतकरी दारं धरतो. विहिरीवर मोटर, तिथून पाट, पाटातून सऱ्या. पाणी अडवायचं तर मोटर बंद करता येते, पाट फोडता येतो, नाहीतर सरीच्या तोंडाशी माती लावता येते. वेदनेचंही तसंच. सर्जनने चीर दिली की त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात आणि तिथली नसांची टोकं चिडतात. ही झाली विहीर. नसांमधून निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जातो, हा पाट. तिथून मेंदूत पोचला की "आई गं" होतं.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सेलेकॉक्सिब ही औषधं विहिरीवरच काम करतात, म्हणजे प्रोस्टाग्लँडिन कमी बनू देतात. भुलेचं इंजेक्शन नसेभोवती दिलं की पाट बंद. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल मज्जारज्जूत आणि मेंदूत. एकाच ठिकाणी जोर लावला, म्हणजे भरपूर मॉर्फिन दिलं, तर दुखणं थांबतं. पण मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि प्रमाण चुकलं तर श्वास मंदावणं हे सगळं मागे लागतं. म्हणून तीनचार ठिकाणी थोडं थोडं अडवायचं. याला आम्ही मल्टीमोडल म्हणतो.

रुबेन यांचा दावा याच्या पुढचा होता. सेलेकॉक्सिब किंवा त्याच जातीचं रोफेकॉक्सिब चीर देण्याआधीच द्या, जोडीला नसांच्या दुखण्यावरचं प्रीगॅबालिन द्या. मॉर्फिनसारखी औषधं खूपच कमी लागतील आणि महिनोन्‌महिने रेंगाळणारं दुखणंही टळेल. स्तनाच्या ऑपरेशननंतर काही बायकांना काखेत, दंडात वर्षानुवर्षं जळजळ राहते. ती टाळायला त्यांनी व्हेन्लाफॅक्सिन हे नैराश्यावरचं औषध सुचवलं होतं.

मल्टीमोडल ही कल्पना त्यांचीच का?

नाही, आणि हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुष्कळांचा घोटाळा इथेच होतो. ऑपरेशननंतर अनेक अंगांनी वेदना रोखण्याचा विचार नीट मांडून रूढ केला तो डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट आणि त्यांचे सहकारी यॉर्गन डाल यांनी, १९९३ च्या पेपरात. केहलेट यांनी पुढे पेशंटला लवकर उठवणं, लवकर खायला देणं, नळ्या लवकर काढणं यावर कितीतरी काम केलं. आज आतड्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंटला खुर्चीत बसवून चहा पाजतात, त्यामागे ते काम आहे. रुबेन आयत्या घरात येऊन राहिले आणि वर दोन मजले चढवले. मजले हवेत होते.

लबाडी नेमकी कसली? आकडे वाढवून सांगितले?

आकडे फुगवण्यापुरतं असतं तर त्याला चलाखी म्हटलं असतं. काही चाचण्या झाल्याच नव्हत्या. सेलेकॉक्सिबवरच्या एका अभ्यासासाठी त्यांनी फायझर कंपनीकडून अनुदान घेतलं, निकाल लिहिला, तो छापूनही आला. आणि सरकारी वकिलांनी न्यायालयात सांगितलं की त्यात एकही पेशंट घेतलेला नव्हता.

सहलेखकांचीही फसवणूक झाली. दक्षिण कॅरोलिनातल्या एका अस्थिरोगतज्ज्ञांचं नाव त्यांना न विचारता पेपरवर घातलेलं निघालं, सही बनावट. चौकशीत सहलेखकांवर ठपका आला नाही.

पकडले कसे गेले?

एका कागदामुळे.

माणसांवर कुठलीही चाचणी करायची तर आधी रुग्णालयाच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागते. आपल्याकडे सगळे तिला 'एथिक्स कमिटी' म्हणतात. २००८ च्या मे महिन्यात बेस्टेटमध्ये नेहमीची तपासणी चालू होती. रुबेन यांनी रुग्णालयाच्या अंतर्गत कार्यक्रमासाठी दोन अभ्यासांचे सारांश दिले होते. त्या दोन्हींच्या परवानगीचे कागद सापडेनात. तिथून चौकशी सुरू झाली आणि एकेक करत बारा वर्षं मागे गेली. रुग्णालयाने स्वतः नियतकालिकांना कळवलं की हे पेपर मागे घ्या. मार्च २००९ मध्ये भूलशास्त्राच्या एका व्यावसायिक वृत्तपत्राने बातमी फोडली आणि मग मोठ्या दैनिकांत गाजली.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त आवडतो तो हा कारकुनी तपशील. जगभरचे तज्ज्ञ, संपादक, प्राध्यापक ते पेपर वाचून माना डोलावत होते. अडकले ते फायलीतला कागद मागणाऱ्या माणसापाशी. एथिक्स कमिटीच्या कटकटीला मीही तरुणपणी शिव्या घातल्या आहेत. आता घालत नाही.

छापण्याआधी तज्ज्ञ पेपर तपासतात ना? मग बारा वर्षं कुणालाच कसं कळलं नाही?

तज्ज्ञ तपासतात तो लिहिलेला पेपर. पद्धत बरोबर आहे का, गणित जुळतं का, निष्कर्ष ओढूनताणून आणलाय का. केसपेपर त्यांच्यासमोर नसतात. पेशंट खरोखर होता का, हे त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं. तशी शंका घेण्याची रीतही नव्हती.

पण खोट्याला एक वास असतो, आणि तो ओळखायचा तर खरी नोंद कशी दिसते ते पाहायला हवं. एम.डी.च्या थीसिससाठी मी ६० पेशंट घेतले होते, हर्नियाचे. दर पेशंटमागे एक फॉर्म. ऑपरेशननंतर २, ४, ८, १२ आणि २४ तासांनी विचारायचं, शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आत्ता किती दुखतंय?

पहिल्याच आठवड्यात एक काका भेटले. आकडा विचारला तर म्हणाले, "बारा आणे दुखतंय." मी म्हटलं, "काका, दहापैकी सांगा." ते म्हणाले, "अहो, दहाचा कुठला रुपया असतो?" सोळातले बारा म्हणजे दहातले साडेसात. फॉर्मवर साडेसातला रकाना नव्हता. सिस्टरने आठ लिहिलं. सकाळच्या सिस्टरने त्याच दुखण्याला सात लिहिलं असतं.

रात्री दोनची वेळ आली की पेशंट घोरत असायचा. उठवावं की नाही? काही सिस्टर उठवत, काही 'झोपेत' असं लिहून मोकळ्या होत. दोघे डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन, घरी गेले. एक फॉर्म बीटाडिनमध्ये भिजला. त्यातले चार आकडे आजही वाचता येणार नाहीत. एका आजोबांनी मला बरं वाटावं म्हणून पाचही वेळा "काही नाही दुखत" सांगितलं आणि नंतर मुलाकडे गोळी मागितली. शेवटी ६० पैकी ५३ फॉर्म धड होते, आणि दोन गटांतला फरक जेमतेम, डोळे बारीक करून पाहावा एवढा.

खरी माहिती अशी असते. भोकं पडलेली.

रुबेन यांच्या पेपरांत औषध जवळजवळ दर खेपेला जिंकत होतं. दुखण्यावरच्या चाचण्यांत हे फार दुर्मीळ. चांगलं औषधसुद्धा चारदोन चाचण्यांत हरतं, कारण पेशंट कमी पडतात, तुलनेतल्या गटाला दिलेली औषधंच भारी असतात, किंवा नशीब. एवढा सलग विजय पाहून कुणीतरी भुवई उंचवायला हवी होती, असं नंतर सगळेच म्हणाले. मीही त्यातलीच.

औषध कंपन्यांनीच हे करून घेतलं का?

तसं सिद्ध झालेलं नाही. फायझरने २००२ ते २००७ या काळात त्यांना पाच अनुदानं दिली होती, कंपनीच्या वतीने ते व्याख्यानंही देत. सेलेकॉक्सिब आणि प्रीगॅबालिन ही दोन्ही फायझरचीच उत्पादनं, तेव्हा कुणाचा फायदा झाला हे सांगायला नको. पण न्यायालयात कंपनी फसवली गेलेली म्हणून उभी होती, पैसेही तिला परत द्यायला लावले.

माझं मत विचाराल तर कंपनीला खोटं लिहून घ्यावं लागतच नाही. ज्याचे निकाल नेहमी गोड येतात त्यालाच पुढचं अनुदान आणि पुढचं व्यासपीठ मिळतं. एवढं पुरतं.

शिक्षा काय झाली?

२०१० च्या सुरुवातीला त्यांनी आरोग्यसेवेतल्या फसवणुकीचा गुन्हा कबूल केला. जूनमध्ये शिक्षा सुनावली : सहा महिने तुरुंगवास, त्यानंतर तीन वर्षं देखरेख, ५ हजार डॉलर दंड, ५० हजार डॉलर सरकारजमा आणि ३ लाख ६१ हजार डॉलरच्या वर भरपाई. संशोधनातल्या खोटेपणासाठी डॉक्टरला प्रत्यक्ष तुरुंगात जावं लागणं हे फार क्वचित घडतं. मात्र कलम पाहा. गुन्हा पैशांच्या फसवणुकीचा होता. ज्या पेशंटांना त्या आकड्यांवर विसंबून औषधं दिली गेली, त्यांचा भरपाईत कुठेच उल्लेख नाही.

कुणाला प्रत्यक्ष धोका झाला का?

अमुक पेशंटला रुबेन यांच्या अमुक पेपरमुळे त्रास झाला, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. पण दोन जागा काळजीच्या आहेत.

पहिली मणक्याची. मणक्याचे दोन मणी जोडतात तेव्हा मध्ये हाडाचे तुकडे घालतात आणि ते एकजीव व्हायला महिने लागतात. प्रोस्टाग्लँडिन हाड जुळायलाही मदत करतात. म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांना भीती असते की ही रसायनं दाबणाऱ्या गोळ्यांनी हाड नीट जुळणार नाही. २००५ साली रुबेन यांचा पेपर आला : थोडे दिवस सेलेकॉक्सिब दिलं तर हाडावर परिणाम होत नाही आणि दुखणंही कमी होतं. सर्जन मंडळी निर्धास्त झाली. तो पेपर मागे घेतलेल्यांपैकी आहे. थोडे दिवस, कमी मात्रेत देणं आजही अनेकजण चालवून घेतात, पण त्यासाठी दुसरे आधार शोधावे लागले.

दुसरी रोफेकॉक्सिबची. त्याचा प्रश्न पुढे आहेच.

रोफेकॉक्सिब म्हणजे तेच का, हृदयविकारामुळे बंद झालेलं?

तेच. मर्क कंपनीचं 'व्हायॉक्स'. ३० सप्टेंबर २००४ ला कंपनीने ते जगभरच्या बाजारातून मागे घेतलं, कारण दीर्घकाळ घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात वाढलेले दिसले. भारतात त्याच रसायनाच्या गोळ्या इथल्या कंपन्या आपापल्या नावांनी विकत होत्या. सरकारने डिसेंबर २००४ मध्ये बंदी घातली. भाऊबंद वाल्डेकॉक्सिब २००५ मध्ये गेलं.

हा धोका उघडा पडला तो इतरांनी केलेल्या मोठ्या, खऱ्या चाचण्यांतून. रुबेन यांचा त्याच्याशी संबंध नाही. पण जी औषधं पुढे बंद झाली त्यांची वाहवा करणारे आकडे त्यांनी पुरवले होते, हेही खरं.

मला ऑपरेशननंतर सेलेकॉक्सिब दिलं आहे. ते बोगस आहे का?

नाही. गोळी थांबवू नका, किंवा थांबवायची तर तुमच्या डॉक्टरांना विचारून.

सेलेकॉक्सिबवर इतर अनेकांनी चाचण्या केल्या आहेत आणि त्या एकत्र करून पाहिल्या आहेत. ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा घेतली तर औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीच्या तुलनेत दर १० पैकी साधारण ४ जणांचं दुखणं निम्म्याने किंवा जास्त कमी होतं. चांगलं औषध आहे, अद्भुत नाही. रुबेन प्रकरणानंतर काही संशोधकांनी त्यांचे पेपर वगळून जुने आढावे पुन्हा तपासले. जिथे त्यांचा वाटा थोडा होता तिथे निष्कर्ष टिकले. जिथे मोठा होता तिथे डळमळले. अपेक्षित होतं तसंच.

बायपास झालेल्यांना मात्र हे औषध देत नाहीत. हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, पोटात अल्सर, सल्फाची अ‍ॅलर्जी यांपैकी काही असेल तर आधी सांगा. "विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही" हे वाक्य आम्ही फार ऐकतो.

आणि प्रीगॅबालिन?

इथे माझं उत्तर कडक आहे. नसांच्या दुखण्याला, मधुमेहात पायांची आग होते त्याला किंवा नागीण जाऊन मागे राहिलेल्या जळजळीला प्रीगॅबालिन उपयोगी आहे. ऑपरेशननंतर सरसकट सगळ्यांना देण्याचा जो प्रघात पडला, त्याला मात्र आधार फारसा उरलेला नाही. २०२० मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी या गटातल्या औषधांच्या २८१ चाचण्या एकत्र केल्या. वेदनेत जो फरक निघाला तो पेशंटला जाणवेल एवढा नव्हता. चक्कर आणि डोळ्यांपुढे धूसर दिसणं मात्र वाढलेलं. त्याआधी डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बजावलं होतं की वयस्कांत, फुप्फुसाचा आजार असणाऱ्यांत आणि मॉर्फिनसारख्या औषधांच्या जोडीला दिलं तर श्वास मंदावू शकतो.

प्रघात एकट्या रुबेन यांनी पाडला असं नाही, पण सुरुवातीच्या उत्साहात त्यांची भर होती. सवयी पेपर मागे घेतल्याने जात नाहीत. सत्तरीच्या बाईला गुडघा बदलल्यावर रात्री ७५ मिलिग्रॅम प्रीगॅबालिन दिलं आणि पहाटे ती बाथरूमला उठली, तर तिचा तोल कोण सांभाळणार, हा प्रश्न मी सर्जनना विचारते. काही ऐकतात.

मग खात्रीचं काय आहे?

निराशा होईल, इतकं साधं आहे. पॅरासिटॅमॉल आणि त्याच्या जोडीला आयब्युप्रोफेनसारखं एक. १००० मिलिग्रॅम पॅरासिटॅमॉल आणि ४०० आयब्युप्रोफेन एकत्र दिलं तर दर १० पैकी ६ ते ७ जणांना चांगला आराम पडतो. हे आकडे बरेचसे अक्कलदाढ काढण्याच्या चाचण्यांतले आहेत. पोटाच्या मोठ्या ऑपरेशनला एवढ्याने भागत नाही, पण पाया हाच.

त्यावर नस बधिर करणं. हाताच्या ऑपरेशनला मानेजवळ किंवा काखेत, गुडघ्याला मांडीत सोनोग्राफीने बघून दिलेला ब्लॉक, किंवा सर्जनने टाके घालताना जखमेतच सोडलेलं भुलेचं औषध. मोठ्या ऑपरेशनला पाठीतली बारीक नळी, इपिड्युरल. ट्रॅमाडॉल आणि मॉर्फिन शेवटी, लागेल तेवढंच. लागलं तर मात्र संकोच न करता. "सवय लागेल" या भीतीने पहिल्या रात्री पेशंटला कण्हत ठेवणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. पोट दुखतं म्हणून तो खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, कफ साठतो, आणि तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया.

घरी सोडल्यावर काय सांभाळायचं?

पहिले दोनतीन दिवस गोळ्या घड्याळ बघून घ्या, दुखायची वाट बघून नको. पट्टीच्या मागे घटक वाचा : अ‍ॅसिक्लोफेनॅकच्या गोळीत बऱ्याचदा पॅरासिटॅमॉल असतं, ट्रॅमाडॉलच्या गोळीतही बहुधा असतं, आणि वर तापासाठी म्हणून ६५० ची वेगळी पट्टी घरात असतेच. बेरीज करा. दिवसाला ४ ग्रॅमच्या वर जायचं नाही. वजन कमी असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा रोज दारू असेल तर त्याहून बरंच कमी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक यांतलं एकच. मेडिकलवाल्याने "ही जास्त स्ट्राँग आहे" म्हणून दिलेली दुसरी गोळी बऱ्याचदा त्याच जातीची असते.

दुखणं कमी होत होत अचानक वाढलं, सोबत ताप आला किंवा जखमेतून पाणी यायला लागलं, तर गोळी वाढवू नका. दाखवायला या.

भूलशास्त्रातच असे घोटाळे का?

हा प्रश्न आम्हाला टोचतो, पण खरा आहे. जपानच्या योशिताका फुजी यांनी ऑपरेशननंतरच्या उलट्यांवर कितीतरी पेपर लिहिले. जर्मन भूलतज्ज्ञांनी २००० सालीच लेखी टोमणा मारला होता की हे आकडे संशय यावा इतके छान आहेत. कुणी ऐकलं नाही. २०१२ मध्ये इंग्लंडचे भूलतज्ज्ञ जॉन कार्लाइल यांनी फुजींच्या १६८ चाचण्यांचं गणित मांडून दाखवलं की असे आकडे निसर्गात पडतच नाहीत, आणि त्याच वर्षी जपानी चौकशीत १७२ पेपर बनावट ठरले. जर्मनीचे योआखिम बोल्ट यांचे सलाईनच्या प्रकारांवरचे ९० च्या आसपास पेपर पहिल्याच झपाट्यात गेले. कारण तेच, एथिक्स कमिटीची परवानगी नाही.

माझा अंदाज असा : आमच्या चाचण्या छोट्या असतात, एकाच रुग्णालयात होतात, एकदोन दिवसांत संपतात आणि मोजायचं ते पेशंटच्या तोंडचं. दुखतंय, मळमळतंय. त्याचा एक्स-रे निघत नाही. कर्करोगाच्या औषधाची चाचणी वीस रुग्णालयांत चालते, तिथे एकट्याला सगळं रचणं अवघड. दुसरी बाजूही आहे. स्वतःच्या अंगणातली घाण उकरायचं काम बऱ्याच अंशी भूलशास्त्राच्या संपादकांनीच केलं. इतर शाखांत कमी सापडलं याचा अर्थ कमी आहे असा मी घेत नाही.

ते पेपर आता कुठे आहेत?

इंटरनेटवरच. मागे घेतलेला पेपर पुसत नाहीत. त्यावर 'मागे घेतला' असा शिक्का पडतो. पण ज्याने जुनी प्रत आधीच उतरवून ठेवली आहे, त्याच्या प्रतीवर शिक्का नसतो. पेपर मागे घेतल्यानंतरच्या पाच वर्षांत ज्यांनी रुबेन यांच्या पेपरांचा हवाला दिला त्यांतल्या जेमतेम पाव लेखांत ते मागे घेतल्याचा उल्लेख होता. म्हणजे बाकीच्यांनी एकतर तपासलं नाही किंवा दुसऱ्याचं बघून उतरवलं. थीसिस लिहिणाऱ्या मुलामुलींना मी एवढंच सांगते की संदर्भ देण्याआधी मूळ पेपर त्या दिवशी उघडून बघा.

भारतात असं होऊ नये म्हणून काही सोय?

चाचणी सुरू करण्याआधीच ती सरकारी नोंदणीत घालावी लागते. आपली नोंदणी, सीटीआरआय, जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ पासून सक्तीची झाली. काय मोजणार, किती पेशंट घेणार, परवानगी कुणाची, हे आधीच जाहीर करायचं. म्हणजे नंतर सोयीचं तेवढं दाखवता येत नाही. लबाड माणूस नोंदणीतही खोटं लिहील, पण त्याला लवकर सुरुवात करावी लागते.

मला एका चाचणीत सामील व्हा म्हणून विचारलं आहे. होऊ का?

मी तुमच्या जागी असते तर झाले असते. पण आधी सीटीआरआय क्रमांक मागा, तो मोबाइलवर कुणालाही पाहता येतो. संमतीपत्र मराठीत असायला हवं. सही केल्यावर एक प्रत तुमच्याकडे राहते, ती घरी न्या. मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येतं आणि त्यामुळे उपचार थांबत नाहीत.

दुखणं विचारतील तेव्हा डॉक्टरला बरं वाटेल असं उत्तर देऊ नका. बारा आणे तर बारा आणे. रात्री दोन वाजता सिस्टरने उठवलं तर चिडू नका. तिला तो रकाना भरायचा असतो.